मागच्या सीटवरची हवा

आमच्या घराची एक भिंत बारा महिने गरम असायची. भिंतीपलीकडे बेकरीची भट्टी होती आणि त्या भट्टीवर माझे वडील कामाला होते. घर म्हणजे बेकरीच्या मालकाने दिलेली एक खोली, कोकणातल्या एका तालुक्याच्या गावात. मे महिन्यात आम्ही सगळे त्या भिंतीपासून जमेल तितकं लांब, उंबऱ्याला डोकं लावून झोपायचो. वडिलांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत एक केस नव्हता. करपलेला पाव त्यांच्या पगारातून कापला जायचा आणि तोच पाव घरी यायचा. आई टोस्टच्या पिशव्यांची तोंडं मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून बंद करायची. शंभर पिशव्यांना काय मिळायचं ते सांगायची लाज वाटते. माझी नव्हे, मालकाची.

मी मैद्याच्या पोत्यांवर बसून अभ्यास केला आणि मेकॅनिकल इंजिनिअर झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. पेढे द्यायला गेलो तर मालक वडिलांना म्हणाले, "मग आता तुझ्यामागे भट्टीवर कोण?" वडिलांनी पुडा त्यांच्या हातात ठेवला. "तुमचा मुलगा मोकळाच आहे की," म्हणाले. हे वाक्य त्यांनी वीस वर्षं तयार करून ठेवलं असणार.

एवढी ऐट करून मी निघालो आणि शारजाला येऊन काय झालो, तर ड्रायव्हर.

झालं असं की मुंबईच्या एजंटने सांगितलं, सध्या व्हिसा ड्रायव्हरचा आहे, तिकडे गेल्यावर बदलून देतात. तिकडे कोणी काही बदलून देत नसतं. मी लागलो ते इंडस्ट्रियल एरियातलं गॅरेज मोठं होतं, परदेशी कंपन्यांच्या गाड्यांच्या चाचण्यांची कामं घ्यायचं. कामं मी इंजिनिअरची करायचो आणि कामाच्या परवान्याच्या कार्डावर लिहिलेलं असायचं ड्रायव्हर. ड्रायव्हरला कुटुंब आणता येत नव्हतं. माझी बायको गावी होती. मुलगी माझ्या पाठीमागे जन्मली, बोलायला लागली आणि फोनवर मला "दुबईवाले बाबा" म्हणायला लागली. शारजावाले म्हण, असंही सांगायची सोय नव्हती. मॅनेजर हैदराबादचे. दर वेळी म्हणायचे, "भाई, इन्शाल्ला हो जाएगा." तीन वर्षं मी ते इन्शाल्ला ऐकलं.

मग ती फ्रेंच गाडी आली.

नव्वदचं दशक नुकतं संपलं होतं. जुलैच्या ऐन उन्हात कंटेनरमधून दोन गाड्या उतरल्या. बाजारात यायला अजून बराच काळ असलेल्या, हाताने बनवलेल्या. आकाराने हॅचबॅक, म्हणजे मागे डिकीचं शेपूट नसलेली आटोपशीर गाडी, पण रुबाब थोरल्या गाडीचा. आत खरं कातडं, जाड काचा. बाहेरून मात्र काही दिसू नये म्हणून काळं रेक्झिन गुंडाळलेलं, दिव्यांवर पट्ट्या. खोलीवरचा माझा सोबती सिंधुदुर्गातला, बांधकामावर परांची बांधायचा. त्याने ती गॅरेजच्या फाटकातून पाहिली आणि म्हणाला, "गाडयेक अपघात झालो काय रे? पट्टये कित्याक बांधलेत?"

गाड्यांबरोबर एक फ्रेंच बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या, आणि दोन तरुण पोरं. बाई या गाडीच्या उन्हाळी चाचणीच्या प्रमुख. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. आमचं बोलणं इंग्रजीतून चालायचं, त्यांचं फ्रेंच वळणाचं, माझं कोकणी वळणाचं. ते इथे मराठीत देतो. कामाला खडूस बाई. डोळे मिटून गाडीचं दार तीसदा लावायच्या आणि उघडायच्या आणि मग पोरांना सांगायच्या, सत्ताविसाव्या वेळी आवाज पत्र्याचा आला. डॅशबोर्डचा वास घ्यायच्या, कारण उन्हात गोंद तापला की महागड्या गाडीलाही चपलांच्या दुकानाचा वास येतो. मला त्या आवडल्या. आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो की गाडी ही अशी एकेक आवाज, एकेक वास पारखत घडवतात.

माझ्याकडे एक गाडी दिली होती. काम असं: गाडी काचा लावून भर उन्हात तीन तास उभी करायची. आत नऊ ठिकाणी तापमान मोजणाऱ्या तारा. मग आत बसायचं, एसी पूर्ण सोडायचा, वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर ठरलेल्या वेगाने जायचं आणि किती मिनिटांत गाडी गार होते ते नोंदवायचं. दुसरी गाडी त्यांतला एक पोरगा चालवायचा.

तीन दिवस झाले आणि घोळ निघाला. दोन्ही गाड्या एकाच आवारात, एकाच उन्हात उभ्या, तरी माझी गाडी सुरुवातीलाच आठ-नऊ अंशांनी थंड. मॅडमनी तारा बदलल्या. यंत्र बदललं. दोन गाड्यांच्या जागा बदलल्या. दोन दिवस गेले आणि फरक तिथेच. पोरं रडकुंडीला आली.

पाचव्या दिवशी दुपारी मी गाडीकडे गेलो, नेहमीप्रमाणे चारही दारं उघडली, ड्रायव्हरचं दार पंख्यासारखं पाच-सहा वेळा हलवलं आणि हात तसाच थांबला. अरे, हा फरक तर मीच आहे!

आखातात राहिलेल्या कोणालाही विचारा. तापलेल्या गाडीत थेट कोणी शिरत नाही. आधी दारं उघडायची, भपका जाऊ द्यायचा, दार हलवून हवा ढकलायची, मग बसायचं. हे इथे कोणी शिकवत नाही, पहिल्याच उन्हाळ्यात अंगात भिनतं. फ्रेंच पोरगा बिचारा सांगितल्याप्रमाणे एक दार उघडून भट्टीत उडी मारायचा आणि दार लावून घ्यायचा. मी मात्र हजारो मैलांवरून आणलेल्या गाडीला वारा घालत होतो. नोंदवहीत रकाना होता, "चाचणी सुरू". मी गाडीत बसल्यावर तो भरायचो. त्याआधी काय केलं हे लिहायला रकानाच नव्हता.

गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. उद्यापासून दारं उघडली नसती की फरक आपोआप गेला असता. पण मग त्यांनी पाच दिवसांचे आकडे कुठल्या तरी तारेच्या नावावर खपवले असते. मी सरळ ऑफिसात गेलो आणि सांगितलं.

मॅडम काही बोलायच्या आत मॅनेजर बोलले. "मॅडम, ही इज ओन्ली ड्रायव्हर. माफ करा. मी माणूस बदलून देतो."

"मी ड्रायव्हर नाही," मी म्हणालो. "मी इंजिनिअर आहे. चूक केली ती इंजिनिअरने केली."

मॅनेजरनी टेबलाखालून माझ्या बुटावर बूट ठेवला. मॅडमनी चष्मा काढला.

"इंजिनिअर चूक करतो तेव्हा काय करतो?"

"लिहून देतो."

"मग लिहा."

मी चार पानं लिहिली. पहिल्या दोन पानांत माझी चूक. पुढच्या दोन पानांत त्यांची. हो, त्यांचीही होतीच. मी लिहिलं की तुमची चाचणी मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या आणि पुढे दोन माणसं बसलेल्या गाडीची आहे. इथे ही गाडी जो घेईल तो शारजात राहील आणि दुबईत कामाला जाईल. संध्याकाळी तास-दीड तास तो ट्रकच्या रांगेत उभा असेल आणि त्याच्या मागच्या सीटवर तीन माणसं असतील. तुमच्या नऊ तारांपैकी मागच्या सीटवर एकच आहे.

मॅडमनी ती पानं माझ्यासमोर वाचली. "हे मत आहे," त्या म्हणाल्या. "मतावर गाडी बदलत नाहीत. आकडे आणा."

"गाडी द्या, आणतो."

मॅनेजर बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तेरे को नौकरी नहीं चाहिए क्या?"

"चाहिए," मी म्हणालो. "इंजिनिअर की."

मला मागच्या सीटसाठी तीन माणसं हवी होती. ती माझ्या खोलीवरच होती: परांचीवाला, त्याचा चुलतभाऊ आणि टाईल्स लावणारा एक रत्नागिरीचा. बाहेर काही बोलणार नाही अशा कागदावर तिघांच्या सह्या घेतल्या. टाईल्सवाला म्हणाला, "लग्नाच्या रजिस्टरात पण एवढी भानगड नव्हती." साईट सुटल्यावर तिघं थेट सिमेंटच्या कपड्यांनिशी आले. मॅडमनी त्या कपड्यांकडे पाहिलं, कातड्याच्या सीटकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने सीटवर चादर अंथरली. मग पुढे माझ्या शेजारी येऊन बसल्या, मांडीवर नोंदवही घेऊन.

दुबईहून शारजाकडे येणारा तो रस्ता तेव्हाही संध्याकाळी रस्ता नसायचा, वाहनतळ असायचा. डावीकडे ट्रक, उजवीकडे बस, मध्ये आमची पट्ट्या बांधलेली गाडी. पहिली दहा मिनिटं मागून कौतुक चाललं होतं. "ह्येका म्हणतत एसी!" वीस मिनिटांनी गप्प. अर्ध्या तासाने परांचीवाला पुढे वाकला.

"अरे, बाईंका विचार, एसीचे पैशे फक्त पुढल्या शिटाचेच भरल्यानी काय?"

मॅडमनी विचारलं, काय म्हणतो. मी शब्दशः सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मागे वळल्या, तिघांचे भिजलेले शर्ट पाहिले आणि नोंदवहीत आकडा लिहिला. गाडी उभी राहिली की मागचं तापमान चढत होतं, पुढे सरकली की जरा उतरत होतं. पुन्हा उभी, पुन्हा चढलं. शारजात पोचलो तेव्हा आम्ही पुढे घामाने ओले होतो आणि मागचे तिघं काचा खाली करून बसले होते.

"आकडे," मी म्हणालो.

"आकडे," मॅडम म्हणाल्या. मग नोंदवही मिटून, "एसीचा कॉम्प्रेसर मोठा लागेल. त्याला बॉनेटखाली जागा नाही. फ्रान्समध्ये नाही म्हणतील."

त्या ऑफिसात गेल्या. मी तिथेच इंजिन चालू ठेवून गाडीसमोर उकिडवा बसलो. कॉम्प्रेसर लहान असता तर धावतानाही गार झाली नसती, हे डोक्यातून जाईना. उभी राहिल्यावरच बिघडतं. मग उभं राहिल्यावर काय वेगळं होतं? बंपरच्या खाली हात घातला तर हाताला झळ लागली. ती झळ ओळखीची होती.

बेकरीच्या भट्टीच्या दाराला एक फट होती. धग तिथून बाहेर यायची आणि वडिलांच्या तोंडावर बसायची, आणि पाव एका बाजूने कच्चा राहायचा. मालक म्हणायचे, लाकडं जास्त घाल. वडील अगरबत्ती पेटवून दाराच्या कडेने फिरवायचे. धूर कुठे वळतो ते बघायचे आणि तिथे ओल्या गोणपाटाची वळकटी कोंबायचे. "लाकडं कशाला जाळायची? फट बुजव आधी," म्हणायचे.

खोलीवरून अगरबत्तीचा पुडा आणला. गाडीच्या तोंडाशी जाळी असते. तिच्यामागे एसीची गरमी बाहेर टाकणारा कंडेन्सर. पंखा समोरून हवा ओढतो आणि कंडेन्सरमधून इंजिनाकडे सोडतो. गाडी पळत असली की ती तापलेली हवा मागे निघून जाते. मी बंपरच्या खालच्या कडेला अगरबत्ती धरली. धूर मागे गेलाच नाही. खालून पुढे आला, वळला आणि जाळीतून पुन्हा आत. दोन्ही बाजूंच्या फटींतूनही तेच. गाडी स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा पीत होती.

मॅनेजर बाहेर आले. "ये क्या, पूजा कर रहा है?"

"हाँ," मी म्हणालो. "मॅडम को प्रसाद के लिए बुलाओ."

मॅडम आल्या. माझ्याशेजारी मातीत गुडघे टेकून बसल्या आणि माझ्या हातातली अगरबत्ती घेतली. एकदा खाली फिरवली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पुडा अर्धा संपवला. मग उठून फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाल्या. त्याचा अर्थ मला आजही माहीत नाही, पण दोन्ही पोरं धावत आली.

दुसऱ्या दिवशी मी गाद्यांच्या दुकानातून बारा दिरहॅमचा स्पंज आणला, म्हणजे दीडशे रुपयांचा. त्याच्या पट्ट्या कापल्या आणि कंडेन्सरच्या चारही कडांच्या फटी बुजवल्या, खालीही एक पट्टी लोंबती ठेवली. तोच रस्ता, तीच वेळ, मागे तीच तीन माणसं. सव्वा तास रांगेत उभे होतो. अर्ध्या वाटेवर मागून कोणी बोलेना म्हणून मी आरशात पाहिलं. तिघंही झोपले होते. टाईल्सवाल्याने तर अंथरलेली चादर ओढून पांघरली होती.

मॅडमनी त्याचा फोटो काढला. म्हणाल्या, "हा मी अहवालात लावणार आहे."

अहवालावरूनच पुढचं भांडण झालं. त्या कंपनीचा नियम असा की ज्याने चाचणी केली त्याचं नाव आणि हुद्दा लिहायचा आणि खाली त्याचीच सही. सहीशिवाय चाचणी धरायची नाही. मॅनेजरनी माझ्या नावापुढे टाईप करून आणलं: ड्रायव्हर.

मी पेन खाली ठेवलं. "मी सही करणार नाही."

"व्हिसा पे यही लिखा है, भाई. मैं क्या करूँ?"

"व्हिसा चूक आहे. माझं सर्टिफिकेट बरोबर आहे." सर्टिफिकेट बरोबरच आणलं होतं. प्लास्टिकची पिशवी आईनेच मेणबत्तीवर बंद केलेली. ती तीन वर्षांत मी पहिल्यांदा फोडली आणि कागद टेबलावर ठेवला. "तीन वर्षं तुम्ही माझ्याकडून इंजिनिअरचं काम घेतलंत. दारं उघडली तेव्हा मी ओन्ली ड्रायव्हर होतो ना? मग आता धूर दाखवला तो कोणी? ड्रायव्हरने? तर मग मॅडमना सांगा, तुमची फट एका ड्रायव्हरने शोधली. मी सही करत नाही. उद्या परत पाठवायचं तर पाठवा. भट्टी मला येते."

हे सगळं हिंदीत बोललो, मोठ्याने. परत पाठवलं असतं तर बायको आणि मुलगी इथे यायचा रस्ताच बंद झाला असता. ते मला ठाऊक होतं. पण सही केली असती तरी तो बंदच होता.

मॅडमना शब्द कळले नसतील. त्यांनी सर्टिफिकेट उचललं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि मॅनेजरना म्हणाल्या, "सहीशिवाय मी हे पाठवू शकत नाही. आणि हे पाठवल्याशिवाय तुमचं काम पूर्ण झालं असंही लिहून देऊ शकत नाही. मी थांबते." आणि खरंच खुर्चीत बसून राहिल्या. पर्स उघडून त्यांनी भरतकाम काढलं. चाळीस मिनिटं टाके घालत होत्या.

मॅनेजर आत गेले, फोनवर गॅरेजच्या मालकांशी अरबीत बोलले, बाहेर आले. "खलास, बाबा, खलास. लिख दे इंजिनिअर." मग माझ्याकडे बोट करून, "और व्हिसा भी. लेकिन टाइम लगेगा."

"तारीख सांगा," मी म्हणालो. "इन्शाल्ला नको."

सर्टिफिकेटावर मुंबईपासून अबुधाबीपर्यंतचे शिक्के घेण्यात पुढचे सात महिने गेले. दर शनिवारी सकाळी मी मॅनेजरच्या टेबलासमोर उभा राहायचो. एकही शनिवार चुकवला नाही. ते शेवटी मला बघितलं की न विचारता फाईल काढायला लागले.

गावी फोन केला तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं. अगरबत्तीचं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गोणपाट का नाही वापरलंस? स्पंज टिकत नाही."

बरोबरच होतं त्यांचं. गाडी बाजारात आली तेव्हा मी दुबईतल्या शोरूममध्ये गेलो आणि चकचकीत फरशीवर आडवा होऊन बंपरखाली पाहिलं. कंडेन्सरच्या कडेने काळ्या रबराची पट्टी होती, साच्यात घडवलेली, माझ्या स्पंजाच्या मापाची. खालीही एक लोंबती. सूटबूटवाला सेल्समन धावत आला. "सर, एनी प्रॉब्लेम?"

"नो प्रॉब्लेम," मी म्हणालो. "बराबर लगाया है."

नवी घ्यायची ऐपत नव्हतीच. चार वर्षांनी एक वापरलेली घेतली, शारजातल्या अल मजाज भागातल्या आमच्या इमारतीखाली उभी असायची. पहिल्या दिवशी बायको पुढे बसली आणि मुलगी मागे. संध्याकाळच्या रांगेत अर्धा तास अडकल्यावर मागून आवाज आला, "बाबा, इट्स टू कोल्ड हिअर." मी म्हणालो, "मराठीत सांग." ती म्हणाली, "मागे थंडी वाजते." मी एसी कमी केला नाही.

त्या गाडीच्या उन्हाळी चाचणीच्या अहवालावर माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव आणि आमचं आडनाव असं सगळं आहे आणि पुढे इंजिनिअर लिहिलं आहे. माझ्या कार्डावरही तेच आहे. बायको आणि मुलगी त्याच कार्डावर शारजाला आल्या.